मीटर आला का?

दर रविवारी पुण्याच्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजले की पश्चिम लंडनमधून कोथरूडला फोन येतो. गेली तीस वर्षं या फोनचा क्रम ठरलेला होता. आधी तब्येती, मग हवा, मग कोण गेलं, आणि शेवटी क्रिकेट. दोनेक वर्षांपूर्वी त्यात एक नवा प्रश्न घुसला आणि बघता बघता तब्येतींच्याही पुढे जाऊन बसला: "मीटर आला का?"

प्रश्न दोन्हीकडून विचारला जातो, फक्त रोख वेगळा. कोथरूडच्या थोरल्या भावाला पाण्याचा मीटर नको होता, तो येऊन बसला. लंडनच्या धाकट्या भावाला तो हवा होता, रीतसर अर्ज केला, तर येईना. थोरल्यांकडे मीटर आहे पण त्याचं बिल नाही. धाकट्यांकडे बिल आहे पण त्याला मीटर नाही. दोघांची नावं इथं मुद्दामच दिलेली नाहीत. थोरल्यांना महापालिकेशी संबंध बिघडवायचे नाहीत आणि धाकट्यांना पाण्याच्या कंपनीशी. तेव्हा थोरले आणि धाकटे एवढी ओळख पुरे.

थोरल्यांच्या फाटकाशी मीटर बसला तेव्हा ते हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करून घरी परततात तो फुटपाथचे पेव्हर ब्लॉक उखडलेले, तीन पोरं पाइपाशी झटापट करतायत आणि खड्ड्यात एक नवीकोरी पेटी.

"कुणाला विचारून?"

"काका, वरून ऑर्डर आहे."

"वरून म्हणजे कुठून?"

पोरानं हातातल्या पान्यानंच टेकडीकडची नवी टाकी दाखवली. थोरल्यांची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली. अधिकाराची उतरंड इतक्या थोडक्यात त्यांना आजवर कुणी समजावून सांगितली नव्हती.

ती टाकी आणि ही पेटी, दोन्ही पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेची अपत्यं. योजना कागदावर देखणी आहे: शहरभर ८२ टाक्या, १४१ विभाग, शेकडो किलोमीटर नव्या जलवाहिन्या आणि नळजोडांना सुमारे तीन लाख मीटर. पैसा उभा करायला महापालिकेनं जून २०१७ मध्ये दोनशे कोटींचे कर्जरोखे काढले, व्याज ७.५९ टक्के, आणि त्यांची नोंदणी झाली मुंबईच्या शेअर बाजारात. म्हणजे पुण्याचं चोवीस तास पाणी आधी दलाल स्ट्रीटला पोचलं. पुढचा प्रवास जरा रेंगाळला. निविदा निघाल्या, फुगलेल्या दरांचा बोभाटा झाला, त्या रद्द होऊन पुन्हा निघाल्या. २०२४ उजाडलं तरी काम चालूच होतं आणि मुदतवाढीला मुदतवाढ मिळत होती.

दरम्यान मीटर बसवणारी माणसं आणि सोसायट्यांचे चेअरमन यांच्यात एक जुनाच संवाद नव्यानं रंगला. चेअरमन म्हणायचे, आधी चोवीस तास पाणी द्या, मग मीटर लावा. पालिका म्हणायची, मीटर लावल्याशिवाय कोण किती ओढतो ते कळत नाही, गळती कुठे आहे ते कळत नाही, मग चोवीस तास द्यायचं कुठून? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ते हेच. कऱ्हाडशेजारच्या मलकापूरनं मात्र वेड आणि लग्न एकाच मांडवात उरकून टाकलं. तिथं मीटरही बसले, चोवीस तास पाणीही आलं आणि जास्त वापराला चढा दरही लागला, ते सगळं दीडेक दशकापूर्वीच. हे उदाहरण काढलं की थोरले म्हणतात, "मलकापूर केवढं, पुणं केवढं!" पुणेकर एरवी आकारमानावर बोलत नाही. तो मुद्दा मुंबईकर काढतो.

तर मीटर बसला. थोरल्यांनी दुसऱ्या दिवशीपासून एक वही घातली.

त्यांच्या गल्लीत पाणी येतं पहाटे पावणेसहाला. त्याआधी दहा मिनिटं नळातून नुसती हवा येते, फुसफुस करत, रागावल्यासारखी. ठरावीक वेळच पाणी सोडलं की बाकीच्या वेळात नळ रिकामे होतात, आणि पाणी सुटलं की ते आधी ही कोंडलेली हवा पुढे ढकलतं. फिरत्या चाकाच्या जुन्या मीटरला हवा काय नि पाणी काय, चाक फिरल्याशी मतलब. नव्या मीटरना फरक कळतो, असं त्या पोरानं छातीठोकपणे सांगितलं होतं. थोरल्यांनी ते ऐकून घेतलं आणि रोज पहाटे बॅटरी घेऊन खड्ड्यापाशी उकिडवं बसायला सुरुवात केली. वहीत दोन रकाने: 'हवेपूर्वी' आणि 'हवेनंतर'. हवेचे पैसे आपण भरणार नाही, हे त्यांनी क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवलं. त्या मीटरवर त्यांच्याकडे अजून पाण्याचेही पैसे कुणी मागितले नव्हते, हा भाग वेगळा. पुण्यात घरगुती पाणीपट्टी करयोग्य मूल्यावरून निघते आणि मिळकतकराच्या बिलातच येते. मीटर मोजतो, बिल त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एका घरात राहून अबोला धरलेल्या माणसांसारखं त्यांचं चाललंय.

शिवाय हा मीटर लांबूनच वाचता येतो, रेडिओलहरींनी. वाकून आकडा टिपायला माणूस येत नाही. थोरल्यांना हे फार लागलं. त्याच्यासाठी त्यांनी चार मुद्दे काढून ठेवले होते.

धाकट्यांची गोष्ट सुरू होते १९७३ साली, म्हणजे ते त्या घरात राहायला जाण्याच्या वीसेक वर्षं आधी.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ज्या घरांना मीटर नाही त्यांतल्या बहुतेकांचं पाण्याचं बिल आजही घराच्या जुन्या करपात्र मूल्यावरून निघतं. घर भाड्यानं दिलं तर वर्षाचं काय येईल, याचा सरकारी अंदाज म्हणजे ते मूल्य. त्याची शेवटची सरसकट आकारणी १९७३ ची. त्या वर्षी महाराष्ट्र बहात्तरच्या दुष्काळातून सावरायचा होता, माणसं मिलोच्या लाल भाकऱ्या खाऊन खडी फोडत होती, थोरले कॉलेजात होते, धाकटे शाळेत. आणि तिकडे कुणी एक इंग्रज अंमलदार ओळीतल्या एका घराच्या खोल्या मोजून ठरवत होता की पन्नास वर्षांनी इथं राहणाऱ्या मराठी जोडप्यानं पाण्याचे किती पौंड भरावेत. त्याच वर्षी ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात शिरलं. २०२० मध्ये बाहेरही पडलं. धाकट्यांच्या घराचा आकडा जागचा हलला नाही.

ज्या घरपट्टीसाठी हे मूल्य काढलं होतं ती १९९० साली गेली. तिच्या जागी मार्गारेट थॅचरबाईंनी डोईपट्टी आणली, तिच्यावरून लंडनमध्ये दंगल झाली, वर्ष संपायच्या आत बाई गेल्या, १९९३ साली डोईपट्टीही गेली. मूल्य तेवढं राहिलं, कारण पाण्याच्या कंपन्यांनी ते सोडलं नाही. २००० सालानंतर ते वापरायचं नाही असं कायद्यात लिहिलं होतं. १९९९ मध्ये नवा कायदा करून ती अडचण दूर करण्यात आली. मात्र त्याच कायद्यानं घरोघरच्या लोकांना एक हक्कही दिला: मागाल तर मीटर फुकट बसवून मिळेल.

पाण्याचे पैसे पाण्यावरून न घेता घरावरून का घ्यायचे, हा प्रश्न इंग्रजांनाही जुनाच. १८८३ साली लंडनचे एक बॅरिस्टर, आर्चिबाल्ड डॉब्ज, आपल्या पाणी कंपनीशी भांडत थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. पाणी किती आलं, कसं आलं, याबद्दल वाद नव्हताच. बिल ज्यावर काढायचं ते 'वार्षिक मूल्य' ढोबळ की निव्वळ, एवढ्यावर खटला चालला आणि डॉब्ज जिंकले. धाकट्यांनी ही हकिकत फोनवर सांगितली तेव्हा थोरले बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मूळचा सदाशिव पेठेतला असणार."

धाकट्यांच्या डोक्यात मीटर शिरला तो मुलं घराबाहेर पडल्यावर. घरात माणसांपेक्षा झोपायच्या खोल्या जास्त असतील तर मीटर घ्या, असा तिकडे ठोकताळा आहे. इथं खोल्या तीन, माणसं दोन. त्यांनी अर्ज भरायला घेतला. फायदा होईल का ते आधी पाहता यावं म्हणून त्यासोबत एक प्रश्नावली होती. आठवड्यात टबातल्या आंघोळी किती? शॉवर किती, किती मिनिटांचे? बागेला पाणी नळीनं की झारीनं? लंडनच्या वहिनी तीस वर्षं बादलीनं आंघोळ करतात. शॉवरखाली उभं राहिलं की अंगावर पाणी पडतं, आंघोळ होत नाही, असं त्यांचं मत. दीड बादली आणि एक तांब्या यांना प्रश्नावलीत रकाना नव्हता. धाकट्यांनी 'इतर' समोर खूण केली, तर खाली सूचना उगवली: इतर म्हणजे पोहण्याचा तलाव असल्यास त्याचं आकारमान लिहा.

मग वहिनींनीच स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आठवडाभर हिशेब मांडला. बादल्या, कुकर, डाळ-तांदूळ धुणं, वॉशिंग मशीन, फ्लश. डाळ धुतलेलं पाणी त्या कुंड्यांना घालतात, ते वजा करायचं की नाही यावर दोन दिवस गेले. इंग्लंडात माणशी रोज साधारण १४० लिटर पाणी लागतं. आपल्याकडे शहरांसाठी धरलेला मापदंड १३५ लिटरचा. आकडे सख्ख्या भावांसारखे शेजारी शेजारी उभे. वहिनींचा हिशेब दोन्हींच्या बराच खाली आला. कोथरूडच्या जाऊबाईंना त्यांनी तो अभिमानानं कळवला. जाऊबाई तेव्हा फोन खांद्याशी धरून पिंपातलं कालचं पाणी मोरीत ओतत होत्या. नवं पाणी आलेलं होतं, म्हणजे कालचं शिळं झालं. फुटपाथवरच्या मीटरला शिळ्या पाण्याची संकल्पना कशी समजावणार, हा थोरल्यांच्या चार मुद्द्यांपैकी तिसरा होता.

अर्ज गेला. कंपनीचं आभाराचं पत्र लगेच आलं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपण बाळकडूसारखं प्यायलोय. इंग्लंडात या कामाला नियमानं तीन महिन्यांची मुदत आहे, म्हणजे साहेबाच्या देशात निम्म्यातच आटोपतं. शिवाय ते सरकारी कामही नव्हे. इंग्लंडातल्या पाण्याच्या कंपन्या १९८९ सालीच खासगी झाल्या. तेव्हा धाकट्यांनी कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेभोवती लाल गोल केला आणि थोरल्यांना सांगितलं, "दादा, तुझं चोवीस तास पाणी यायच्या आत माझा मीटर येतो की नाही बघ." थोरले पैज लावत नाहीत. त्यांनी वहीत नोंद केली.

पहिला महिना 'कामकाजी दिवसां'त गेला. दहा कामकाजी दिवसांत कळवू, असं पत्रात होतं. मे महिना होता. मेमध्ये तिकडे दोन सोमवार सुट्टीचे असतात. अकराव्या कामकाजी दिवशी पत्र आलं की पाहणीला माणूस येईल, अमुक तारखेला, सकाळी आठ ते दुपारी एक. त्या दिवशी धाकटे आठ वाजल्यापासून खिडकीत बसले. पावणेएकपर्यंत टपालवाला, शेजारची मांजर आणि धर्मप्रचारक दोन बायका एवढी ये-जा झाली. पावणेएकला ते दोन मिनिटं आत गेले. परत येऊन पाहतात तो दारात कार्ड: आम्ही येऊन गेलो, आपण घरी नव्हतात.

पाच तास दारावर नजर ठेवून नेमक्या कोणत्या दोन मिनिटांत माणूस आत जाईल हे ओळखण्याचं प्रशिक्षण पृथ्वीवर सगळीकडे एकाच ठिकाणी मिळत असावं. आपल्याकडचा गॅस सिलिंडरवाला त्याच शाळेचा.

दुसऱ्या खेपेला पाहणीवाला आला आणि भेटलासुद्धा. सालस, तरुण, बुटांना प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून घरात शिरणारा. आता खरी गंमत. मीटर बसवतात तो बहुधा फुटपाथमध्ये, घराचा पाणी बंद करायचा कॉक असतो त्या झाकणाखाली. पाहणीवाल्याला झाकण सापडलं, आत चिखल होता, चिखलात कॉक होता. हा याच घराचा ना, हे पडताळायची रीत सोपी: कॉक बंद करायचा आणि घरातला नळ सोडून पाहायचा. त्यानं बंद केला. धाकट्यांच्या स्वयंपाकघरातला नळ थांबला. पाहणीवाल्यानं अंगठा दाखवला. एवढ्यात डावीकडच्या घराची खिडकी उघडली. मग उजवीकडचं दार. मग त्याच्याही पलीकडच्या दारातून कमरेला टॉवेल आणि डोक्यावर शांपूचा फेस अशा अवस्थेत एक गृहस्थ बाहेर आले आणि अत्यंत सभ्यपणे विचारते झाले की पाण्याचं काही काम चाललंय का?

चार घरं, एक पाइप. जुन्या ओळीतल्या घरांत ही गोष्ट सर्रास आढळते. बांधणाऱ्यानं मुख्य वाहिनीवरून एकच फाटा घेतला आणि तोच चौघांच्या पाठीमागून फिरवला. तेव्हा कोण मोजत होतं? ज्या कॉकवर चार घरं चालतात तिथं एका घराचा मीटर बसू शकत नाही, आणि कंपन्यांच्या मीटर-नकाराचं हे एक ठरलेलं कारण आहे. धाकट्यांचं बालपण पेठेतल्या वाड्यात गेलं. बारा बिऱ्हाडं, चौकात एक नळ, पहाटे कळश्यांची रांग. त्या सामाईक नळापासून सुटका हा त्यांच्या परदेशी जाण्यामागचा, कुणापाशी न बोललेला, पण मोठा हेतू होता. सात समुद्र ओलांडून, कर्ज फेडून, तीस वर्षं राहून त्यांना त्या दुपारी कळलं की आपण अजून सामाईक नळावरच आहोत. फक्त रांग दिसत नव्हती.

थोरल्यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांच्या आवाजात कित्येक वर्षांत नव्हता इतका जिव्हाळा होता.

खरं तर लंडनला हे नवीन नाही. १८९० च्या दशकापर्यंत त्या शहरातल्या कितीतरी घरांना पाणी दिवसाकाठी थोडाच वेळ मिळे. नळाला पाणी आलं की पिंपं, हौद भरून ठेवायचे. जगावर राज्य करणारी राजधानी पाण्याच्या वेळा सांभाळत होती. आणि दुष्काळाच्या बाबतीत तर इंग्रजांनी आपल्यावर ताण केली. १९७६ च्या कडक उन्हाळ्यात तिथल्या सरकारनं डेनिस हॉवेल यांना चक्क दुष्काळमंत्री नेमलं. नेमणुकीला थोडे दिवस होतात न होतात तोच धो धो पाऊस सुरू झाला. आपल्याकडे यासाठी बेडकांची लग्नं लावावी लागतात.

फुटपाथवर जमत नाही तर मीटर घरात बसवू, असं कंपनीनं कळवलं. पाइप घरात शिरतो तिथं, म्हणजे सिंकखालच्या कपाटात. तेही नाहीच जमलं तर घराचा आकार किंवा माणसं पाहून अंदाजी आकारणी करण्याची सोय तिकडे आहे, पण धाकट्यांना आता अंदाज नको होता. अंदाज १९७३ पासून चालूच होता.

सिंकखालच्या कपाटाला इंग्रज घरात फार अर्थ नसतो. फडकी, साबण, एखादी बादली. लंडनच्या वहिनींचं ते कोठीघर होतं. वीस किलो तांदळाचं पोतं, गव्हाच्या पिठाचा डबा, पुण्याहून येणारा गोडा मसाला, मेतकूट, दोन बरण्या लोणचं, आणि सगळ्यात मागे, पाइपाला टेकून, पाहुणे आले तरच निघणारं पितळी पातेलं. सगळं बाहेर काढून ठेवा, असं पत्र आलं. काढलं. दिवाणखान्यात किराणा दुकान झालं. मीटर बसवणारा आला नाही, गाडी बिघडली होती. सगळं आत गेलं. नवी तारीख आली, सगळं बाहेर आलं, या खेपेला माणूस आला. त्यानं वाकून आत पाहिलं, बॅटरी मारली, पाइपावर नखानं ओरखडा काढला आणि तोंडानं एक लांब शीळ घातली. पाइप शिशाचा होता. शिशाच्या पाइपाचं काम आपल्याकडे नाही, त्याचं पथक वेगळं, असं म्हणून त्यानं बूट चढवले. जाताना लोणच्याचा वास छान आहे म्हणाला. तिसऱ्या तारखेचं पत्र आलं तेव्हा वहिनींनी ते न उघडताच तांदळाच्या पोत्याखाली ठेवलं.

तीन महिन्यांचा लाल गोल केव्हाच मागे पडला होता. धाकट्यांनी तक्रार केली. आणि तिकडची एक गोष्ट मान्य करायला हवी: मीटर वेळेवर येईल न येईल, दिलगिरी वेळेवर येते. छापील कागदावर, सही करून, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल' पासून सुरुवात. थोरल्यांनी ते पत्र व्हॉट्सॲपवर मागवून घेतलं. चाळीस वर्षांत त्यांनी निरनिराळ्या कार्यालयांना पाठवलेल्या अर्जांची फाइल त्यांच्या कपाटात आहे. उत्तरं थोडी आहेत, पोच बऱ्याच आहेत, दिलगिरी एकही नाही. त्यांनी पत्राची प्रिंट काढून त्याच फाइलीत लावली. हिशेबात भर कुठून का होईना.

धीर द्यायला म्हणून थोरल्यांनी एका रविवारी आयर्लंड काढलं. कुठून वाचलं होतं देव जाणे. २०१४ मध्ये त्या देशानं घरगुती पाण्याला पैसे लावले, आठ लाखांहून जास्त घरांच्या दारात मीटर पुरले, लोक रस्त्यावर उतरले, मीटर बसवणाऱ्यांच्या खड्ड्यांपुढे उभे राहिले. २०१६ मध्ये आकारणी थांबली आणि लोकांनी भरलेले पैसे सरकारनं परतही केले. मीटर तिथंच जमिनीत राहिले. "म्हणजे तुझ्यासारखाच," धाकटे म्हणाले. थोरल्यांना उपमा आवडली नाही. आपला मीटर बिनकामाचा नाही, त्याची नोंद रोज होते, ती आपण स्वतः करतो, असं त्यांनी बजावलं. मग ते दोन हजार वर्षं मागे गेले. रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी फ्रॉन्टायनस यानं पाणी मोजायला नळाच्या तोंडाचा व्यास धरला आणि नळ जोडणारी माणसंच गपचूप मोठ्या तोंडाचे नळ बसवून देतात म्हणून लिहून ठेवलं. वॉर्डातल्या कोणत्या गल्लीत काय होतं हे सांगायला थोरल्यांना रोमची मदत लागत नव्हती, पण आधार दिला की मुद्दा पक्का होतो.

नवव्या महिन्यात, वहिनी मुलीकडे गेल्या असताना, शिशाचं पथक आलं. धाकट्यांनी एकट्यानं पोतं ओढलं. संध्याकाळपर्यंत नवा पाइप आणि मीटर दोन्ही जागेवर. मीटरच्या तोंडावर काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे हजार हजार लिटरचे. त्यांच्याच पैशांचं बिल होतं. लाल आकडे सुट्या लिटरचे. धाकट्यांनी फोटो काढून कोथरूडला पाठवला. पेढे वाटावेत असं त्यांना वाटत होतं, पण शेजाऱ्यांना कारण सांगणं अवघड होतं. शांपूवाल्या गृहस्थांना मात्र त्यांनी गाठून सांगितलंच.

रात्री अकराला सगळे नळ बंद करून ते सहज सिंकखाली वाकले. शेवटचा लाल आकडा हलत होता. अगदी सावकाश, पाय न वाजवता उठून जाणाऱ्या पाहुण्यासारखा. त्यांनी नळ पुन्हा आवळले. आकडा हलतच होता. कुठेतरी पाणी मुरतंय, हे वाक्य मराठी माणूस आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल वापरतो. धाकट्यांवर ते पहिल्यांदाच शब्दशः ओढवलं.

इंग्लंडात अशा वेळी पहिला संशय फ्लशवर घेतात. टाकीतलं रबर झिजलं की पाणी भांड्याच्या मागच्या बाजूनं निःशब्द ओघळत राहतं, दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि दिवसाला दोनशे ते चारशे लिटर जातं. वहिनींच्या दीड बादलीच्या आंघोळी इकडे, आणि पलीकडच्या भिंतीआड अशा पंधरा-वीस बादल्या रोज गटारात. १९७३ च्या मूल्यानं बिल येत होतं तोवर हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. खात्री करायची तर टाकीत खायचा रंग घालायचा आणि फ्लश न करता अर्धा तास थांबायचं. घरात खायचा रंग एकच होता, दिवाळीच्या जिलब्यांचा केशरी. धाकट्यांनी हात जरा सढळ सोडला. अर्ध्या तासानं भांड्यात बघतात तो साक्षात पाक. दुसऱ्या दिवशी वहिनी परतल्या आणि आधी न्हाणीघरात गेल्या, मग बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

रविवारी सातला कोथरूडचा फोन वाजला. थोरले वही घेऊनच बसले होते. या खेपेला 'मीटर आला का' हे विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी सवयीनं विचारलं.

"आला, दादा. पण फ्लश गळतोय."

"किती?"

धाकट्यांनी आठवड्याचे लाल आकडे वाचून दाखवले. थोरल्यांनी ते 'हवेनंतर'च्या शेजारी एक नवा रकाना आखून लिहून घेतले आणि बेरीज केली.

"प्लंबर?"

"तीन आठवड्यांनी येतोय."

"वेळ काय दिलीय?"

"सकाळी आठ ते दुपारी एक."